टिक्सच्या गोळ्या, ब्राह्मी आणि आमची निळी वही

आमच्या थोरल्याचं डोळे मिचकावणं सुरू झालं तेव्हा तो सात वर्षांचा होता, जून-जुलैचे दिवस, शाळा नुकती सुरू झालेली. आम्ही आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो, ते म्हणाले नंबर नाही, ड्रॉप्स घाला. दिवाळीपर्यंत मिचकावणं गेलं आणि खाकरणं आलं, मग घशाचे डॉक्टर, मग अ‍ॅलर्जीचं सिरप, दोन बाटल्या संपल्या. सासूबाईंनी मीठमोहरीने दृष्ट काढली, जोतिबाचा गुलाल लावला. मग पोरगं मान उडवायला लागलं तेव्हा एका बालरोगतज्ज्ञांनी त्याच्याकडे पाच मिनिटं नुसतं बघितलं आणि सांगितलं, या टिक्स आहेत.

हे मी एवढ्यासाठी लिहितेय की कोल्हापुरात माझ्या ओळखीच्या चार घरांत तरी हेच चाललंय, आणि प्रत्येक घरात एका डब्यात डॉक्टरांच्या गोळ्या आणि दुसऱ्या डब्यात कुणी ना कुणी सांगितलेलं चूर्ण आहे, आणि दोन्ही डब्यांचा हिशोब कुणाकडेच नाही.

आधी टिक म्हणजे काय ते बघू. टिक म्हणजे फिट नाही, आणि खोड पण नाही. शिंक यायच्या आधी नाकात कसं हुळहुळतं, तसं या मुलांना मानेत, घशात, डोळ्यांत काहीतरी साचल्यासारखं वाटतं आणि ती हालचाल केली की क्षणभर मोकळं वाटतं. शिंकेसारखीच टिक थोडा वेळ दाबून धरता येते. म्हणून मुलगा शाळेत गप्प बसतो आणि घरी आल्यावर तासभर मान उडवतो, आणि आपण म्हणतो, "शाळेत करत नाहीस, म्हणजे मुद्दामच करतोयस!" हे वाक्य मी स्वतः बोललेय आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं.

मेंदूत खोलवर बेसल गँग्लिया नावाचा भाग असतो. कुठली हालचाल सोडायची आणि कुठली अडवायची हे ठरवण्यात त्याचा मोठा हात आहे. नवरात्रात अंबाबाईच्या देवळाबाहेर गर्दी आवरायला दोरी धरून माणसं उभी असतात ना, तसं समजा. ही दोरी कुठे ढिली पडली की नको असलेली हालचाल मधेच निसटते. या कामात डोपामिन हे रसायन महत्त्वाचं, आणि टिक्सवरची बरीचशी औषधं डोपामिनवरच काम करतात. जॉर्ज जिल द ला तुरेत या फ्रेंच डॉक्टरने 1885 साली अशा 9 रुग्णांचं वर्णन लिहिलं, त्यांच्यावरूनच टुरेट सिंड्रोम हे नाव पडलं. हालचालीच्या दोन-तीन टिक्स आणि आवाजाची एक तरी, असं वर्षाच्या वर चाललं की टुरेट म्हणतात. शिव्या तोंडातून निघणं हे टुरेटच्या दहातल्या एखाद-दुसऱ्या मुलातच होतं, सिनेमावाल्यांनी त्याचं उगाच मोठं केलंय.

आता मुख्य गोष्ट. टिक्स बहुतेक चार ते सहा वर्षांच्या सुमारास सुरू होतात, दहा ते बाराच्या दरम्यान सगळ्यात जोरात असतात आणि पुढे कॉलेजच्या वयापर्यंत बहुतेकांच्या बऱ्याच कमी होतात. हा मोठा आलेख झाला. पण त्याच्या आत दर काही आठवड्यांनी लहान लहान चढउतार असतात, आपोआप, काहीही न करता. आणि आपण नवीन औषध सुरू कधी करतो? अगदी सगळ्यात वाईट आठवड्यात, जेव्हा बघवत नाही तेव्हा. त्यानंतर टिक्स उतरणारच असतात, मग आपण गोळी दिलेली असो, चूर्ण दिलेलं असो नाहीतर गंडा बांधलेला असो.

आमच्याकडे असंच झालं. ब्राह्मीचं टॉनिक सुरू केलं, तीन आठवड्यांत मान उडवणं निम्म्यावर आलं, मी सगळ्या राजारामपुरीत सांगत सुटले, दोन बायकांनी त्याच दिवशी बाटली आणली. सहामाही परीक्षेत सगळं परत आलं, टॉनिक चालू असतानाच.

म्हणून संशोधक काही मुलांना खरं औषध देतात आणि काहींना हुबेहूब दिसणारी खोटी गोळी, आणि कुणाला काय मिळालंय ते घरच्यांनाही कळू देत नाहीत. एन-अ‍ॅसिटाइलसिस्टीन नावाचं सप्लिमेंट टिक्सवर चांगलं म्हणून लोक घ्यायचे, 2016 साली छापलेल्या अभ्यासात 31 मुलांना 12 आठवडे देऊन बघितलं तर खोट्या गोळीपेक्षा काही वेगळं निघालं नाही. मॅग्नेशियमबद्दल भक्कम असा पुरावा नाही आणि जास्त झालं तर जुलाब होतात. ब्राह्मीची तर आणखी गंमत, ब्राह्मी म्हणून बाजारात दोन वेगळ्या वनस्पती विकतात, एक बाकोपा आणि दुसरी मंडूकपर्णी, तुमच्या बाटलीत कुठली आहे ते लेबल वाचल्याशिवाय कळणार नाही.

पण "नॅचरल आहे, काही होत नाही" हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकतं आणि त्याचं कारण सर्पगंधा. ही आपल्याच देशातली वनस्पती, झोपेसाठी आणि डोकं शांत करायला पिढ्यान्‌पिढ्या वापरलेली. 1949 साली मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ब्लड प्रेशरवर तिचा उपयोग होतो हे ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये लिहिलं आणि जगभर तिचं नाव झालं. 1952 साली तिच्या मुळातून रेसर्पिन वेगळं काढलं. पुढे 1957 साली स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी सशांना रेसर्पिन दिलं तर ससे हलेनात, आणि मग डोपामिन ज्यापासून बनतं ते एल-डोपा दिल्यावर थोड्या वेळात परत हिंडायला लागले. डोपामिनचं मेंदूत स्वतःचं काम आहे हे समजायला या प्रयोगाची मोठी मदत झाली, 2000 साली त्यांना नोबेल मिळालं. रेसर्पिन काय करतं, तर मज्जापेशी डोपामिन ज्या छोट्या पिशव्यांत भरून ठेवतात त्या पिशव्या भरूच देत नाही. आणि आज टिक्सवर काही डॉक्टर टेट्राबेनॅझिन नावाची गोळी देतात, ती जवळजवळ हेच करते! म्हणजे एक झाडाचं मूळ आणि एक फॅक्टरीतली गोळी, दोघींचा रस्ता एकच, आणि दोघींमुळे मन उदास होऊ शकतं, प्रेशर उतरू शकतं. फरक इतकाच की गोळीत किती मिलिग्रॅम आहे ते लिहिलेलं असतं, मुळाच्या चूर्णात ते प्रत्येक खेपेला वेगळं असू शकतं.

आता कल्पना करा, मुलाला डॉक्टरांनी क्लोनिडिन चालू केलंय, जे मुळात प्रेशर उतरवणारं औषध आहे, आणि घरात "शांत झोप लागावी" म्हणून कुणीतरी सर्पगंधाची गोळी देतंय, आणि डॉक्टरांना पत्ताच नाही. मूल उठून उभं राहिलं की चक्कर येणार, दिवसभर पेंगणार, आणि दोष क्लोनिडिनच्या डोसवर जाणार.

अशी टक्कर होते हे नुसतं बोलायचं नाही. शंखपुष्पीचं सिरप घेणाऱ्या फिटच्या पेशंटांच्या रक्तातलं फेनिटॉइन, म्हणजे फिटवरचं औषध, कमी होऊन फिट परत आल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी 1992 साली लिहून ठेवलंय. टिक्ससाठी पिमोझाइड चालू असेल तर घशाच्या इन्फेक्शनवरची क्लॅरिथ्रोमायसिन चालत नाही, हृदयाचे ठोके बिघडू शकतात, आणि ग्रेपफ्रूटसुद्धा टाळायला सांगतात. आपलं गणपतीतलं पपनस त्याच कुळातलं, तेव्हा ते द्यायच्या आधी पण विचारा.

भस्म आणि रसौषधी, म्हणजे धातू नाहीतर पारा वापरून केलेली औषधं, यांबद्दल मी जरा कडक आहे. 2008 साली छापलेल्या एका अमेरिकन पाहणीत इंटरनेटवरून मागवलेल्या 193 आयुर्वेदिक औषधांपैकी साधारण पाचव्या हिश्श्यात शिसं, पारा नाहीतर आर्सेनिक सापडलं होतं. शिसं लहान मुलाच्या मेंदूचं नुकसान करतं. टिक कमी करायच्या नादात मेंदूलाच मार बसला तर काय उपयोग? आयुर्वेद घ्यायचाच असेल तर शिकलेल्या वैद्यांकडे जा, नाव लिहून घ्या, पुडीतलं बिननावाचं काही देऊ नका.

गोळ्यांचंही तेवढंच खरं सांगायला हवं. क्लोनिडिनने झोप येते आणि ही गोळी एकदम बंद करायची नाही, प्रेशर उसळी मारून वर जाऊ शकतं, म्हणून सुट्टीत गावी जाताना गोळ्यांची पट्टी विसरू नका. रिस्पेरिडोन आणि अ‍ॅरिपिप्राझोलने वजन वाढू शकतं, सुरुवातीला आणि नंतर अधूनमधून काट्यावर उभं करा. हॅलोपेरिडॉलने कधी कधी मान किंवा जबडा आखडतो. याच गटातल्या औषधांनी काही मुलांच्या पायांत बेचैनी येते, एका जागी बसवत नाही, आणि आईबापांना वाटतं टिक्स वाढल्या, डोस वाढवा. उलटं असू शकतं, आधी फोन करा.

आणि मुलाला त्रास होत नसेल, अभ्यास-खेळ-मित्र सगळं नीट असेल, तर काहीही न देता नुसतं लक्ष ठेवणं हाही उपचार आहे, अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ न्यूरॉलॉजी या मेंदूच्या डॉक्टरांच्या संस्थेच्या 2019 सालच्या मार्गदर्शनातसुद्धा तसं सांगितलंय. त्रास असेल तर शक्यतो गोळीच्या आधी सीबीआयटी नावाची ट्रेनिंग बघा. त्यात मुलाला ती हुळहूळ ओळखायला शिकवतात आणि टिक यायच्या वेळी तिच्या आड येणारी दुसरी हालचाल करायला शिकवतात, म्हणजे मान उडायला लागली की हनुवटी सावकाश खाली घेऊन मान ताठ धरायची. 2010 साली छापलेल्या अभ्यासात 126 मुलं होती, ही ट्रेनिंग घेतलेल्यांपैकी 52.5 टक्क्यांना फरक पडला आणि नुसतं समजावून धीर दिलेल्यांपैकी 18.5 टक्क्यांना. सगळ्यांना लागू पडते असं नाही, पण यात लिव्हर-किडनीचा प्रश्न येत नाही. शिकवणारं माणूस आपल्याकडे सहजी मिळत नाही हे खरंय, आम्ही पुण्याच्या एका थेरपिस्टकडे व्हिडिओ कॉलवर शिकलो.

आता आमची निळी वही. रोज रात्री जेवणानंतर, ठरलेल्या वेळी दहा मिनिटं, मोजायचं आणि लिहायचं, मुलाला न कळता, टोकायचं नाही. मान किती, खांदा किती, आवाज किती. झोप किती झाली, ताप होता का, परीक्षा होती का, आणि त्या दिवशी पोटात काय काय गेलं: गोळी, सिरप, चूर्ण, प्रोटीन पावडर, सासूबाईंचा काढा सुद्धा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि पुढे निदान सहा आठवडे दुसरं काही हलवायचं नाही. सासूबाईंना आधी हे आवडलं नव्हतं, आता चष्मा लावून त्याच वही भरतात आणि माझ्यापेक्षा नीट मोजतात.

पहिल्यांदा वही घेऊन गेलो तेव्हा डॉक्टरांनी चार महिन्यांची पानं उलटली, एका जागी बोट ठेवलं आणि म्हणाले, "इथे गोळी वाढवली म्हणताय, पण टिक्स तर त्याच्या आठ दिवस आधीच उतरायला लागल्यात." गोळी परत आधीच्या डोसवर आणली. कालच्या पानावर सासूबाईंनी लिहिलंय: मान 4, खांदा 0, खाकरणं 2, झोप नऊ तास, काढा दिला नाही.