माळ्यावर बावीस, शेगडीवर पाच

गेल्या चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आठवडाभर आधी आमच्या गोव्यातल्या फोंड्याच्या घरी माळ्यावरची भांडी घासायला खाली काढली, तेव्हा विस्तवावर चढणारी तेवढीच मी मोजली आणि ती बावीस भरली. रोजच्या वापरात मात्र पाचच आहेत, कुकर, स्टीलचे दोन टोप, तवा आणि चहाचे भांडे. उरलेली सतरा केवळ हौसेने जमली असे घरात मानले जाते. ती कशाची घडवलेली आहेत हे पाहिले, तर बहुतेकांना नेमके कारण सापडते.

पदार्थातून उष्णता किती सहज वाहते हे उष्णतावाहकतेच्या आकड्यावरून कळते. तांब्याचा आकडा सुमारे 400, शुद्ध ॲल्युमिनियमचा 237, बिडाचा 50च्या आसपास, स्टेनलेस स्टीलचा जेमतेम 15 आणि भाजलेल्या मातीचा 1च्या जवळपास असतो. पातळ बुडाच्या स्टीलच्या टोपात दूध ज्योतीच्या वर्तुळापुरतेच लागते, कारण तिथली उष्णता कडेला पसरायला वेळ घेते. म्हणूनच चांगल्या टोपाच्या बुडाशी ॲल्युमिनियमचा किंवा तांब्याचा थर बसवलेला असतो.

आकडा सर्वांत कमी असूनही हुमणासाठी, म्हणजे माशांच्या कालवणासाठी, मातीचे कुंडलेच लागते, असा आग्रह धरणारी घरे अजून आहेत, आणि तो मला निव्वळ स्मरणरंजन वाटत नाही. जाड मातीची भिंत सावकाश तापते आणि तितकीच सावकाश निवते, त्यामुळे विस्तव बंद केल्यावरही हुमण काही वेळ रटरटत राहते. शिवाय हुमणात सोले (आमसुले) किंवा चिंच असते. त्यांतली आम्ले तांबे आणि पितळ विरघळवतात, ॲल्युमिनियमवरचा ऑक्साइडचा पापुद्राही थोडाफार खातात, पण झिलई नसलेल्या भाजल्या मातीवर त्यांचा फारसा परिणाम होत नाही. मात्र ही माती सच्छिद्र असल्यामुळे तेल आणि वास तिच्यात मुरतात. ज्या कुंडल्यात बांगडा शिजला, त्यात सोमवारचे शिवराक (शाकाहारी) जेवण रांधता येत नाही, म्हणून दुसरे कुंडले आले; म्हणजे भांड्यांची संख्या वाढवण्यात धार्मिक नियमाइतकाच मातीच्या छिद्रांचाही हात आहे.

बिडाच्या तव्याचे गणित वेगळे आहे. दोन किलोचा बिडाचा तवा एक अंश तापायला सुमारे 900 ज्यूल उष्णता घेतो, तर अर्धा किलोचा ॲल्युमिनियमचा तवा साधारण 450. हा साठा दुप्पट असल्यामुळे पोळ्याचे (गोव्याकडच्या डोशाचे) गार पीठ ओतले तरी बिडाचे तापमान फारसे उतरत नाही आणि जाळी सुरेख पडते.

तांब्या-पितळेची मोठी भांडी माझ्या मते कल्हईवाला दारावर येईनासा झाल्यामुळे मागे पडली. कल्हई म्हणजे कथलाचा पातळ लेप. कथील 232 अंश सेल्सिअसला वितळते. त्यामुळे असे भांडे रिकामेच ज्योतीवर राहिले तर लेप ओघळतो, आणि लेप गेल्यावर त्यात आंबट पदार्थ शिजवणे धोक्याचे ठरते.

मग पाचच का वापरतो? आमच्या शेगडीला बर्नरच दोन आहेत, त्यामुळे एका वेळी दोनांहून अधिक भांडी चढत नाहीत. त्यातही कुकरमध्ये हवेच्या दाबाच्या जवळजवळ दुप्पट दाब होऊन पाणी 120 अंशांच्या आसपास उकळते, म्हणून डाळ आणि भात एकाच भांड्यात एकावर एक लवकर शिजतात. इंडक्शनची शेगडी आली तर निवड आणखी आक्रसते, कारण तिला चुंबक चिकटेल असे बूड लागते. कुंडले, तांब्याचा टोप आणि साधी ॲल्युमिनियमची कढई तिच्यावर तापतच नाहीत.

न वापरलेले भांडे गोव्याच्या पावसाळ्यात जसेच्या तसे राहत नाही. दमट, खारट हवेत बिडाला गंज चढतो, पितळ काळवंडते आणि कुंडल्यात बुरशी धरते. बिडाला आम्ही खोबरेल चोळून ठेवतो. ते बहुतांशी संपृक्त असल्यामुळे लवकर खवट होत नाही, पण त्याच कारणाने तापवल्यावर त्याचा जवसाच्या तेलासारखा टणक, चिकटून बसणारा थरही होत नाही. यंदा तवा माळ्यावरून उतरवला तेव्हा कडेला बोटभर गंज होताच. तो खरवडून, अर्ध्या कांद्याने तेल फिरवत तीन पोळे वाया घालवल्यावर चौथा न चिकटता सुटला.