स्लॉट नाही म्हणून पीसीआय बंद करू नका

लिनक्सचं कर्नल (प्रणालीचा गाभा) स्वतः बांधणाऱ्यांना हमखास मिळणारा सल्ला: पीसीवर जुने पीसीआय स्लॉट (जादा कार्डं खोचायच्या खाचा) नसतील तर पीसीआय सपोर्ट काढून टाका, कर्नल हलकं होईल. साफ चूक. पीसीआयची जागा घेणाऱ्या, २००३ सालच्या पीसीआय एक्सप्रेसची विद्युत रचना वेगळी असली, तरी सॉफ्टवेअरच्या लेखी ती पीसीआयच. उपकरणं शोधायची पद्धत तीच. पीसीआय उपकरणांची यादी देणारी ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा चालवून पाहा: बोर्डावरच जडवलेले यूएसबी, साटा (डिस्कची जोडणी), नेटवर्कचे कंट्रोलर ओळीने दिसतील. पीसीआयवरची खूण काढली की मेनूकॉन्फिगमधून (कर्नलचे पर्याय निवडायचा मेनू) पीसीआय एक्सप्रेसवर चालणाऱ्या एनव्हीएमई डिस्कचा पर्यायही गुपचूप गायब होतो (सूचना वगैरे काही नाही), आणि रूट (प्रणालीच्या मूळ फायली) त्याच डिस्कवर असेल तर बूट होताना थेट कर्नल पॅनिक, म्हणजे कर्नल जागीच ठप्प. काटछाटीची हौसच असेल, तर जुन्या लॅपटॉपांत खोचायच्या कार्डांचं पीसीएमसीआयए खुशाल उडवा.