नादुरुस्त हार्ड डिस्कमधून माहितीची पुनर्प्राप्ती

पडणे, भिजणे, आग लागणे किंवा चुकीचा अडॅप्टर जोडला जाणे यांमुळे आतले भाग निकामी झालेल्या हार्ड डिस्कमधून फायली परत मिळवण्याची प्रक्रिया. बोलताना हिला दुरुस्तीच म्हणतात. प्रत्यक्षात डिस्क पुन्हा वापरण्याजोगी करणे हा हेतू नसतो. सगळी माहिती दुसरीकडे उतरवून होईपर्यंत ती कशीबशी चालती ठेवायची असते.

हार्ड डिस्कमध्ये चुंबकीय लेपाच्या तबकड्या मिनिटाला साधारण ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेतात आणि माहिती वाचणारे-लिहिणारे हेड त्यांच्यावर काही नॅनोमीटर अंतराने तरंगते. चालू डिस्क पडली, की हेड तबकडीवर आदळते. नंतर ठरावीक लयीत टकटक ऐकू येते, ती बहुधा जागा न सापडल्याने मागे येणाऱ्या हेडची. ‘बघू, आता तरी लागते का’ म्हणत अशी डिस्क पुन्हा पुन्हा जोडणे सर्वांत घातक. वाकलेले हेड लेप खरवडत जाते आणि खरवडलेल्या जागेवरची माहिती कोणतीही प्रयोगशाळा परत आणू शकत नाही. रिकव्हरी सॉफ्टवेअर रात्रभर चालू ठेवण्याचा परिणामही तोच. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवण्याचा तोडगा अजून सुचवला जातो, पण त्याने आत दव धरते. पुरात भिजलेली डिस्क उन्हात वाळवू नये. गाळ आणि क्षार तबकडीवर घट्ट बसतात. ती ओलसरच, बंद पिशवीत घालून न्यावी.

बिघाड सर्किट बोर्डापुरता असेल तर काम बरेच सोपे. १२ व्होल्टच्या डिस्कला लॅपटॉपचा १९ व्होल्टचा अडॅप्टर लागला, तर संरक्षक डायोड स्वतः शॉर्ट होऊन पुढचे भाग अनेकदा वाचवतो. मात्र त्याच मॉडेलचा दुसरा बोर्ड नुसता बसवून सहसा भागत नाही. मूळ बोर्डावरील रॉम चिपमध्ये (कायम नोंदी साठवणाऱ्या चिपमध्ये) त्याच डिस्कच्या हेडांची जुळणी नोंदलेली असते, म्हणून ती चिपही हलवावी लागते. काही बाह्य डिस्कचा बोर्ड पासवर्ड नसतानाही माहिती कूटबद्ध करतो. तेव्हा जळका बोर्ड फेकू नये.

हेड बदलायचे तर धूळविरहित कक्ष आणि सुटे भाग काढून घेण्यासाठी जुळणारी ‘डोनर’ डिस्क लागते. मग पीसी-३००० सारख्या उपकरणाने आधी सहज वाचता येणारा भाग उतरवतात. अडणारे सेक्टर (तबकडीवरचे माहितीचे छोटे कप्पे) शेवटासाठी ठेवतात, कारण नवे हेडही किती वेळ टिकेल याचा भरवसा नसतो.

या कामाचे गाजलेले उदाहरण कोलंबिया अंतराळयानाचे. १ फेब्रुवारी २००३ रोजी पृथ्वीवर परतताना ते टेक्सासवर विखुरले. कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. अवशेषांत सापडलेल्या एका डिस्कवर झेनॉन वायूच्या श्यानतेवरील (दाटपणावरील) प्रयोगाची निरीक्षणे होती. तिचे सील जळून आत धूळ गेली होती. क्रोल ऑनट्रॅक या कंपनीने तबकड्या स्वच्छ करून दुसऱ्या डिस्कमध्ये बसवल्या आणि सुमारे ९९ टक्के माहिती मिळवली. यात नशिबाचाही वाटा मोठा: डिस्क अर्धीच भरलेली होती, डॉस ही जुनी संगणक प्रणाली फायली विखरून ठेवत नसे, आणि ओरखडे नेमके रिकाम्या भागावर होते. प्रयोगाचे निष्कर्ष २००८ मध्ये ‘फिजिकल रिव्ह्यू ई’ या संशोधनपत्रिकेत प्रसिद्ध झाले. त्याच यानाच्या आणखी दोन डिस्कवरून मात्र काहीच हाती लागले नाही.