होडी ठोकायची की शिवायची?

आमच्या ओट्यावर सध्या मरीन प्लायची तीन शीट भिंतीला टेकवून ठेवली आहेत. भाच्याला नर्मदेवर गळ टाकून बसण्यासाठी बारा फुटी होडी बांधायची आहे. आमच्या सुतारकाकांनी चित्र पाहून पहिला प्रश्न विचारला, "खिळे कुठे मारायचे?" खिळे नाहीतच, फळ्या तांब्याच्या तारेने शिवायच्या, हे ऐकून ते बराच वेळ गप्प राहिले.

हा प्रश्न नवा नाही. इंदूरपासून साठेक किलोमीटरवर धार आहे. आपल्या लोकांना ते पवारांचे संस्थान म्हणून ठाऊक, पण त्याच्या सातशे वर्षे आधी तिथे परमार भोजाची राजधानी होती. या अकराव्या शतकातल्या राजाच्या नावावर 'युक्तिकल्पतरु' हा ग्रंथ सांगितला जातो. समुद्रापासून इतक्या दूरच्या माळव्याच्या राजाच्या नावावरच्या ग्रंथात नौकांवर सविस्तर प्रकरण आहे, याचे मला आजही नवल वाटते.

त्यात लाकडाच्या चार जाती सांगितल्या आहेत. नौकेसाठी पसंती हलक्या पण कठीण लाकडाला, म्हणजे त्यातल्या 'क्षत्रिय' जातीला. वेगवेगळ्या जातींची लाकडे एका नौकेत मिसळू नयेत, अशी नौका टिकत नाही, असेही म्हटले आहे. वर्णांची नावे बाजूला ठेवली तरी निरीक्षण पक्के आहे: दोन लाकडे पाण्यात सारखी फुगत नाहीत, आणि सांधा तिथेच उघडतो. नदीत चालणाऱ्या नौकांत सर्वांत लहान ती 'क्षुद्रा', 16 हात लांब आणि 4 हात रुंद. हात दीड फुटाचा धरला तर चोवीस फूट. आमची होडी तिच्या निम्मीच.

सुतारकाकांच्या प्रश्नाचे उत्तरही तिथेच आहे. समुद्रात जाणाऱ्या नौकेला लोखंडाचा बंध नको, कारण पाण्यातले लोहचुंबकी खडक तिला ओढून घेतील. फळ्या दोरीने बांधाव्यात. चुंबकाची गोष्ट खरी नाही, पण दोरीचा बंध खरा होता. तेराव्या शतकात मार्को पोलोला होर्मुझला नारळाच्या काथ्याने शिवलेली जहाजे दिसली, आणि ती त्याला मुळीच आवडली नाहीत. मद्रासला बंदर नव्हते तेव्हा फेसाळ लाटांतून माणसे आणि माल किनाऱ्यावर आणत त्या मसुला होड्याही शिवलेल्याच. होडी वाळूवर आपटली की खिळ्याने जखडलेली फळी चिरते, शिवलेली जराशी लवते. खारे पाणी लोखंडाला खाते आणि गंजलेला खिळा भोवतालचे लाकूडही कुजवतो, ते वेगळेच. भोजाचा नियम समुद्रासाठी होता, त्यामुळे महेश्वरच्या घाटावर खिळे ठोकलेल्या नावा दिसल्या तर त्यात काही चुकले असे नाही.

मधल्या काळात खिळा जिंकला. शिवणकाम केरळसारख्या काही ठिकाणीच तग धरून राहिले. अजिंठ्याच्या चित्रातल्या जहाजावरून नौदलासाठी 'कौंडिन्य' बांधायचे ठरले, तेव्हा फळ्या शिवायला केरळचेच कारागीर आले. 2025 साली कारवारला ते जहाज नौदलात दाखल झाले.

घरगुती होडीत शिवण परतली ती मात्र इंग्लंडमधून. आधी पाण्यात न सुटणारा प्लाय निघावा लागला. 1930 च्या दशकात फिनॉलिक गोंदाने ते साधले. आपल्याकडे मरीन प्लायसाठी आयएस 710 हे मानक आहे, त्यात नमुना 72 तास उकळून पाहतात. दुकानात 710 हा आकडा शिक्क्यात पाहूनच शीट घ्यावे. मग 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला जॅक होल्ट आणि बॅरी बकनेल यांनी 'मिरर' ही पावणेअकरा फुटी शिडाची होडी आखली. कडेने भोके पाडायची, तांब्याच्या तारेने फळ्या जवळ ओढायच्या, सांध्यावर काचधाग्याची पट्टी आणि रेझिन. कारखाना नको, जहाजबांधणीची विद्याही नको. अशा सत्तर हजारांवर होड्या झाल्या, कित्येक घराच्या गॅरेजमध्ये. पुढे पॉलिएस्टर रेझिनच्या जागी लाकडाला जास्त घट्ट धरणारे इपॉक्सी आले. मासेमारीच्या सपाट बुडाच्या होडीलाही हीच रीत चालते.

जुन्या शिवणीत आणि या रीतीत एक फरक मोठा आहे. काथ्याची शिवण हाच तिथे सांधा असतो. ती सैल झाली की उसवून पुन्हा घालता येते. आपली तार इपॉक्सी सुकेपर्यंतच लागते, नंतर ती कापून ओढून काढतात. एकदा सुकल्यावर वाकडा बसलेला सांधा करवतीशिवाय सुटत नाही. म्हणून भोके पाडायच्या आधी आम्ही सगळ्या फळ्या नुसत्या सुतळीने बांधून, होडीचा आकार नीट पाहून घेणार आहोत.