पिंपावरचा ठोका

२०१७ साली ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोस या अमेरिकी बेसबॉल संघाच्या मैदानात ऐन सामन्यात मधूनच धाड धाड असा आवाज यायचा. डगआउटमागच्या, म्हणजे खेळाडूंच्या बाकांमागच्या बोळात एक खेळाडू बॅटने कचऱ्याचं पिंप बडवत असे. ठोका पडला की बॅटरने समजायचं, पुढचा चेंडू संथ किंवा वळणारा आहे. पिंप गप्प राहिलं, तर फास्टबॉल, म्हणजे वेगवान चेंडू. पुढचा चेंडू कोणता, हे बॅटरमागे बसलेला कॅचर पिचरला, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याला, बोटांच्या खुणांनी सांगतो. कॅमेऱ्यातून समोरच्या कॅचरच्या या खुणा टिपून चाललेला हा उद्योग. त्या वर्षी अ‍ॅस्ट्रोसने वर्ल्ड सिरीज, म्हणजे तिथली विजेतेपदाची अंतिम मालिका जिंकली. २०२० मध्ये चौकशीअंती ५० लाख डॉलर दंड भरला.

एका ठोक्याला एवढा भाव का, ते हिशोब मांडला की कळतं. पिचरच्या हातून चेंडू सुटतो तो होम प्लेटपासून, म्हणजे बॅटरजवळच्या पाटापासून, साधारण १७ मीटरवर. ताशी १५३ किलोमीटर वेगाने तो ०.४ सेकंदात पोचतो. त्यातले ०.१५ सेकंद नुसती बॅट फिरवण्यात जातात. म्हणजे चेंडू निम्म्याहून थोडी जास्त वाट चालून येतो, तोवर मारायचं की सोडायचं हे ठरलेलं हवं. ‘चेंडूवर नजर ठेव’ हा उपदेश ठीक आहे, पण शेवटच्या टप्प्यात बॅटर अंदाजावरच खेळतो. दहा वेळात तीन हिट, म्हणजे यशस्वी फटके, मिळवणारा इथे उत्तम गणला जातो, ते उगाच नाही.

पिचरचं कसब हा अंदाज चुकवण्यात. चेंजअप टाकताना हात त्याच झपाट्याने येतो, चेंडू तेवढा तळव्यात खोल धरलेला असतो. वेग उतरतो ताशी १३७ वर. फास्टबॉल समजून फिरवलेली बॅट प्लेटवर येते, तेव्हा चेंडू अजून दीड मीटरहून जास्त लांब असतो! आपल्या स्लोअर बॉलचाच हा भाऊ, फक्त टप्पा न पडणारा.

टप्पा नाही, म्हणून सगळी करामत हवेत. फास्टबॉलला उलटी फिरकी असते. शिवणीचा चेंडू हवा खाली ढकलतो आणि हवा त्याला वर रेटते. तो खाली येतोच, पण अपेक्षेपेक्षा कमी. बॅटरला वाटतं उसळला, आणि बॅट खालून जाते. कर्व्हबॉलची फिरकी याच्या नेमकी उलट, म्हणून तो बुडतो.

गंमत म्हणजे दुसऱ्या बेसवरच्या, म्हणजे पिचरच्या मागच्या थांब्यावरच्या धावपटूने स्वतःच्या डोळ्यांनी खुणा वाचल्या तर तो गुन्हा नाही. त्यामुळे तिथे कुणी उभा असला की कॅचर चार-पाच खुणा करायचा, खरी त्यातली एकच. २०२२ पासून बटण दाबून निरोप थेट पिचरच्या टोपीतल्या स्पीकरवर पाठवायलाही परवानगी आहे.