वेणूताई चव्हाण: लग्न जूनमध्ये, जेल संक्रांतीला

कराडला कधी गेलात तर वेणूताई हे नाव सारखं समोर येतं, कॉलेजला आहे, स्मारकाला आहे. नवीन माणसाला वाटतं या आमदार-बिमदार असतील. तर तसं काही नाही, या यशवंतराव चव्हाणांच्या पत्नी, भाषण वगैरे यांचा प्रांतच नव्हता. मग एवढं नाव का, तर त्यासाठी 1942 पर्यंत मागे जावं लागतं.

वेणूताई फलटणच्या, माहेरचं आडनाव मोरे. लग्न झालं 2 जून 1942 ला कराडमध्ये, नवरा नुकताच वकील झालेला. आणि दोन महिने होतायत न होतायत तोवर ऑगस्टमध्ये चले जाव सुरू, यशवंतराव भूमिगत. म्हणजे संसार असा काही झालाच नाही. पोलिसांना नवरा सापडेना म्हणून त्यांनी घरच्यांना धरायला सुरुवात केली. नव्या सुनेच्या पहिल्या संक्रांतीचं केवढं कौतुक असतं आपल्याकडे, काळी साडी, हलव्याचे दागिने, आणि हिला 1943 च्या संक्रांतीला अटक! सुटून आल्या पण तब्येत गेली ती गेलीच, पुढे आयुष्यभर आजारपण मागे लागलं. त्याच वर्षी त्या माहेरी आजारी पडल्या, यशवंतराव लपूनछपून भेटायला फलटणला गेले आणि तिथेच पोलिसांच्या हाती लागले. इतके महिने गुंगारा दिलेला माणूस बायकोला बघायला गेला आणि सापडला, मला तर या सगळ्यात हाच भाग सगळ्यात खरा वाटतो.

पुढचं राजकारण सगळ्यांना पाठ आहे, 1 मे 1960, पहिले मुख्यमंत्री वगैरे. 1962 ला चीन युद्धात नेहरूंनी फोन करून संरक्षणमंत्रीपद देऊ केलं आणि कुणाला बोलू नका म्हणाले, तेव्हा यशवंतराव म्हणाले एका व्यक्तीला तरी विचारावं लागेल, बायकोला, असं सांगतात.

मूलबाळ नव्हतं, त्यामुळे घरात दोघंच. 1 जून 1983 ला वेणूताई गेल्या, लग्नाचा 41 वा वाढदिवस दुसऱ्या दिवशी होता. त्यानंतर यशवंतराव खचलेच. कृष्णाकाठ हा आत्मचरित्राचा पहिला भाग 1984 मध्ये आला, पुढचे दोन ठरलेले होते, सागरतीर आणि यमुनाकाठ, ते राहून गेले, कारण 25 नोव्हेंबर 1984 ला तेही गेले. त्यांची पुस्तकं, पत्रं आज कराडच्या त्या वेणूताईंच्या नावाच्या स्मारकातच आहेत.