कॅसिनो आणि शहराची जुनी बाजारपेठ

शहराच्या मध्यवर्ती भागात किंवा त्याला लागून परवानाधारक जुगारगृह सुरू झाले, तर तिथल्या जुन्या दुकानांवर, खानावळींवर, लॉजवर आणि गाळ्यांच्या भाड्यावर काय परिणाम होतो, हा शहरी अर्थशास्त्रातला जुना वादविषय आहे. कॅसिनोची बाजू घेणारे रोजगार, पर्यटक आणि कराचे उत्पन्न पुढे करतात, तर विरोधक व्यसन आणि कर्जबाजारीपणाकडे बोट दाखवतात. पेठेतल्या व्यापाऱ्याचा प्रश्न मात्र साधा असतो. तिकडे येणारे गिऱ्हाईक माझ्या दुकानाची पायरी चढणार, की माझेच गिऱ्हाईक तिकडे जाणार? सांगलीत कॅसिनो नाही आणि आजच्या कायद्याने होऊही शकत नाही. तरी हा प्रश्न सांगलीच्या पेठेवर घासून पाहण्यासारखा आहे, कारण इथली बाजारपेठ कोणाच्या आणि कोणत्या पैशावर चालते हे उघड्या डोळ्यांनी दिसते.

पैसा कुठला, दार कुठे

कॅसिनोची रोजची उलाढाल किती, याला पेठेच्या दृष्टीने फारसा अर्थ नाही. तो पैसा आला कुठून, यावर सगळे ठरते. परगावचा खेळणारा आला तर तो शहरात नवा पैसा आणतो. हरला तरी रिक्षा, चहा, मुक्काम यांवर थोडाफार खर्च करतो. गावातलाच माणूस खेळायला गेला, तर टेबलावर गेलेली रक्कम एरवी गावातच कुठेतरी खर्च होणार होती. ती कापडात गेली असती, भांड्यात गेली असती किंवा पतसंस्थेच्या ठेवीत पडली असती. अर्थशास्त्रात याला प्रतिस्थापन म्हणतात. एका खिशातला पैसा दुसऱ्या गल्ल्यात गेला, गावाच्या पदरात नवे काही पडले नाही. यावर कॅसिनोवाल्यांचे उत्तर असते की लोक खेळायला बाहेरगावी जातातच, मग ती गळती घरात का अडवू नये? हा मुद्दा खोटा नाही. पण तो फक्त आधीपासून बाहेर जाणाऱ्यांपुरता खरा आहे. कॅसिनो जवळ आला की आयुष्यात कधी न गेलेलेही जाऊन येतात.

दुसरी गोष्ट दाराची. बहुतेक मोठ्या कॅसिनोंच्या खेळाच्या दालनात खिडकी नसते, भिंतीवर घड्याळ नसते. खाणे, पिणे, झोपणे, गाडी लावणे या सगळ्याची सोय एकाच छपराखाली. मोठ्या रकमा लावणाऱ्याला जेवण आणि खोली फुकटात मिळते, कारण तो खर्च कॅसिनो त्याच्या हरण्यातून वसूल करतो. शेजारच्या खानावळवाल्याला थाळीचा दर कमी करून फुकटाशी स्पर्धा करता येत नाही. गिऱ्हाईक गाडीतून थेट तळघरात उतरते आणि तिथूनच परत जाते. त्याने शहर पाहिलेलेच नसते.

तिसरी गोष्ट जागेच्या भावाची. कॅसिनो येणार अशी नुसती कुणकुण लागली तरी गाळेमालक भाडेकरार वाढवून द्यायला कां-कूं करू लागतात. पिढीजात भाडेकरूला जागा सोडावी लागते ती कॅसिनो उघडायच्या आधीच. त्यामुळे धंदा कॅसिनोने बुडवला की त्याच्या अफवेने, हे नंतर सांगणे अवघड होते. आचारी, वाढपी आणि सुरक्षारक्षक जास्त पगारावर तिकडे जातात, हा फटका लहान हॉटेलांना बसतो. फायदा होतो तो टॅक्सीवाल्यांना, धोबीकामाला, भाजी आणि फुले पुरवणाऱ्यांना, आणि सोनेतारण कर्ज देणाऱ्यांना.

परदेशातले दाखले

युरोपात व्हेनिसच्या शासनाने १६३८ मध्ये रिदोत्तो हे सरकारमान्य जुगारगृह उघडले आणि १७७४ मध्ये बंद केले. मोनॅकोने १८६३ मध्ये मोंते कार्लोचा कॅसिनो सुरू केला, पण स्वतःच्या नागरिकांना तिथे खेळायची बंदी ठेवली. बाहेरच्याने हरावे आणि घरच्याने कमवावे, असा तो रोखठोक हिशोब होता. जेमतेम दोन चौरस किलोमीटरच्या संस्थानाला तो जमला. सीमा ओलांडली की सगळेच परके, मग गिऱ्हाईक बाहेरचेच असणार.

अमेरिकेतल्या अटलांटिक सिटीचा दाखला सर्वांत जास्त दिला जातो. मोडकळीला आलेले हे समुद्रकाठचे पर्यटनशहर सावरावे म्हणून न्यू जर्सी राज्याने १९७६ मध्ये जनमत घेऊन तिथे कॅसिनोला परवानगी दिली. पहिला कॅसिनो १९७८ मध्ये उघडला. पर्यटक लाखोंनी आले, नोकऱ्याही आल्या. पण कॅसिनोंनी तोंड समुद्राकडे केले आणि पाठ शहराकडे. मागच्या रस्त्यांवरची स्वतंत्र उपाहारगृहे आणि दुकाने एकेक करून बंद पडली. १९८४ मध्ये कॅसिनोंच्या उत्पन्नातला सव्वा टक्का पुनर्विकासात घालण्याची सक्ती करावी लागली. पुढे शेजारच्या राज्यांनीही कॅसिनो काढले, आणि २०१४ या एका वर्षात शहरातले चार कॅसिनो बंद झाले. ज्या शहराने बाकीचे धंदे मोडून एकाच धंद्यावर भिस्त ठेवली, त्याच्याजवळ माघारीला वाट उरली नाही.

साउथ डकोटातल्या डेडवुड या खाणगावाची गोष्ट वेगळी. तिथे १९८९ मध्ये जुगाराला मुभा मिळाली ती जुन्या इमारतींच्या जतनासाठी निधी उभा राहावा म्हणून, आणि इमारती खरोखरच जतन झाल्या. मुख्य रस्त्यावरची रोजच्या गरजेची दुकाने मात्र जाऊन त्या जागी खेळाची यंत्रे आली. दर्शनी भाग सुरेख राहिला, पण गावकऱ्यांच्या खरेदीची जागा गेली. न्यू ऑर्लिन्सने आधीच शहाणपण दाखवले होते. मध्यवस्तीतल्या कॅसिनोला सुरुवातीला स्वतःचे निवासी हॉटेल काढायची परवानगी नव्हती आणि खाण्याच्या सोयीवरही मर्यादा होती, म्हणजे गिऱ्हाईक जेवायला रस्त्यावर येईल. कॅसिनो तोट्यात आल्यावर २००१ मध्ये या अटी सैल करण्यात आल्या. पेठ वाचवणाऱ्या अटी कॅसिनोला परवडत नाहीत, आणि धंदा अडचणीत आला की सरकार कोणाची बाजू घेते, हे त्यातून दिसले.

सिंगापूरमध्ये २०१० साली दोन कॅसिनो सुरू झाले. तिथे स्थानिकांना प्रवेशासाठी दिवसाला १०० सिंगापूर डॉलर मोजावे लागत, २०१९ पासून १५० मोजावे लागतात. परदेशी पाहुण्याला प्रवेश मोफत.

पणजी

मराठी माणसाला कॅसिनो माहीत आहे तो पणजीचा. गोव्याच्या १९७६ च्या जुगारविषयक कायद्यात १९९२ मध्ये दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरच्या खेळांना मुभा मिळाली, १९९६ मध्ये जहाजांवर टेबलांच्या खेळांना. ही जहाजे पणजीसमोर मांडवीत उभी असतात. प्रवेशाच्या तिकिटातच सहसा रात्रीचे जेवण आणि पेये येतात, त्यामुळे जहाजावर चढलेला माणूस शहरात जेवायला उतरण्याचे कारण उरत नाही. लॉज आणि टॅक्सी यांना त्याचा धंदा मिळतो. शहराच्या वाट्याला येते नदीकाठच्या रस्त्यावरची गर्दी आणि पार्किंगची मारामारी. फेब्रुवारी २०२० पासून गोव्याच्या रहिवाशांना कॅसिनोत खेळण्यास बंदी आहे. तत्त्व मोनॅकोचेच, फक्त गिऱ्हाईक इथे महाराष्ट्र, कर्नाटक, गुजरात आणि दिल्लीकडचे. त्यात सांगली-कोल्हापूरकडूनही गाड्या भरून माणसे जातात, रात्री निघाले की सकाळी गोव्यात.

सांगलीची पेठ

सांगलीत किराणा आणि घाऊक मालासाठी गणपती पेठ, लुगड्या-कापडासाठी कापड पेठ, सोन्यासाठी सराफ कट्टा, आणि हरभट रोड, मारुती रोड, मेन रोड ही बाकीच्या खरेदीची जागा. हळद, गूळ आणि बेदाण्याचे सौदे मार्केट यार्डात होतात. या पेठेत पैसा दरमहा सारखा येत नाही, लाटेने येतो. उसाचे बिल जमा झाले, हळदीची पट्टी हातात पडली, बेदाणा विकला गेला, की पंधरवड्यात पेठ फुलते. ऊस गाळपाला गेल्यावर चौदा दिवसांत पैसे द्यावेत असा नियम आहे. प्रत्यक्षात ते हप्त्यांनी येतात आणि दुकानदारांचे कान त्या हप्त्यांकडे लागलेले असतात.

लग्नसराईत बस्ता बांधायला तासगाव किंवा वाळव्याकडून जीप भरून माणसे येतात, तेव्हा हा पैसा कसा फिरतो ते पाहावे. कापड पेठेत गादीवर बैठक बसते, चहा येतो, मानपानाच्या साड्यांचा ढीग पडतो, आत्याबाईंना काठ पसंत पडेपर्यंत दोन तास जातात. मग सराफ कट्ट्यावर मंगळसूत्र आणि जोडवी. मग भांडी. कोणी चप्पल बघतो, कोणी पत्रिका छापायला टाकतो. जेवण खानावळीत, आणि निघताना पोरांसाठी भडंगाचे पुडे. उसाच्या एका बिलातून सहा-सात दुकानांच्या गल्ल्यात भर पडते, शिवाय हमाल आणि रिक्षावाला. तेवढीच रक्कम एका रात्रीत एका टेबलावर गेली, तर ती एकाच धंद्याच्या खात्यात जमा होते.

म्हणून सांगलीत कॅसिनो आला तर पहिली झळ वडापावच्या गाडीला लागणार नाही. ती लागेल सराफाला, कापडवाल्याला, दुचाकीच्या शोरूमला. एकगठ्ठा पैशावर जगणारे हेच धंदे. दुसरी झळ उधारीला. इथला किराणा आणि खत-औषधांचा धंदा ‘बिल आल्यावर देतो’ या शब्दावर चालतो. जुगारात गेलेला पैसा घरी कळायच्या आधी दुकानदाराच्या वहीत दिसतो, कारण थकते ती आधी उधारी.

बाहेरचे गिऱ्हाईक येईल का? समुद्र नाही, विमानतळ नाही, आणि गोवा हाकेच्या अंतरावर आहे. मुंबई-पुण्याचा माणूस मांडवी सोडून कृष्णेवर येईल, असे मानायला फार भाबडेपणा लागतो. म्हणजे खेळणारे बहुतेक जिल्ह्यातले आणि सीमेपलीकडच्या अथणी-चिकोडीकडचे असतील.

जागेचाही पेच आहे. आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले आणि जुन्या पेठेत मालाची नासाडी झाली. २००५ आणि २०२१ मध्येही पुराने शहराला गाठले होते. एवढी गुंतवणूक करणारा कोणीही पूररेषेच्या आत बांधणार नाही. तो विश्रामबागकडे किंवा मिरज रस्त्याला जाईल, जिकडे नवी शोरूम आधीच गेली आहेत. मग पेठेला कॅसिनोच्या गर्दीचा शेजारही मिळणार नाही, फक्त तिचे गिऱ्हाईक आणखी पूर्वेला सरकेल.

परगावच्या माणसामुळे पेठ कशी जगते, याचे उदाहरण शेजारच्या मिरजेत आहे. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये तिथे मिशन हॉस्पिटल सुरू केल्यापासून मिरज रुग्णालयांचे गाव झाले. कर्नाटकातून येणाऱ्या रुग्णाबरोबर दोन-तीन नातेवाईक असतात. त्यांना हॉस्पिटल फुकट जेवू घालत नाही आणि झोपायलाही देत नाही. त्यामुळे लॉज, खानावळ, औषधदुकान, फळगाडी आणि चादरी-थर्मास विकणारा अशा सगळ्यांचे चालते. आजारपणावरच्या धंद्याचे गुणगान करणे जिवावर येते, पण पेठेच्या हिशोबात बाहेरचा पैसा आणि रस्त्यावर उघडणारे दार या दोन्ही गोष्टी तिथे आहेत.

कायदा आणि कर

जुगार हा राज्यघटनेनुसार राज्यांच्या अखत्यारीतला विषय. गोव्याखेरीज सिक्कीमने २००२ च्या कायद्याने कॅसिनोला वाट दिली. महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा लागू आहे, आणि पत्त्यांच्या अड्ड्यांवर किंवा मटक्यावर छापा पडतो तो त्याच कायद्याखाली. १९७६ मध्ये राज्याने कॅसिनोंच्या नियंत्रणाचा आणि करआकारणीचा कायदाही केला होता, पण तो कधी अमलात आणलाच नाही. अधूनमधून तो अमलात आणावा अशी मागणी होत राहिली. ऑगस्ट २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तो रद्द करण्याचा निर्णय घेतला. सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्येच जुगार हा घटनेच्या अर्थाने व्यापार नाही असे ठरवले आहे, तेव्हा इतर व्यवसायांप्रमाणे तो हक्काने मागता येत नाही. रमीला मात्र न्यायालयाने १९६८ मध्ये कौशल्याचा खेळ मानले.

कॅसिनोवरचा २८ टक्के वस्तू व सेवा कर ऑक्टोबर २०२३ पासून खेळासाठी भरलेल्या पूर्ण रकमेवर लागू झाला आणि सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. तो केंद्र आणि राज्य यांच्यात वाटला जातो. महापालिकेच्या हाती थेट पडतो तो मुख्यतः मालमत्ता कर. रस्ता, कचरा आणि पार्किंग मात्र तिच्याच गळ्यात. ‘शहराला उत्पन्न मिळेल’ या वाक्यातले शहर नेमके कोणते, हे विचारायला हवे ते यासाठी.

सांगलीसारख्या शहरात पेठेचा पैसा गेल्या काही वर्षांत ज्या वाटेने गेला, ती वाट फोनवरची होती. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन रमीला गाळा लागत नव्हता, वाढपी लागत नव्हता, पार्किंग लागत नव्हते. म्हणजे कॅसिनोतून निदान भाडे आणि पगार एवढे तरी गावात परत येते, तेही यातून येत नव्हते. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैशाच्या ऑनलाइन खेळांवर देशभर बंदी घातली. त्यात खेळ नशिबाचा की कौशल्याचा, हा भेद ठेवलेला नाही.